डस्टचा 'हार्ड अटॅक' (१९७२) : तिघांचा दुसरा आणि शेवटचा अल्बम

उत्तररात्र

सत्तरच्या दशकातल्या रॉकवर इथे धागे भरपूर आहेत, पण चर्चा लेड झेपलिन, डीप पर्पल आणि ब्लॅक सबाथ या तीन घरांपलीकडे क्वचित जाते. म्हणून हा वेगळा धागा काढतोय. विषय आहे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या 'डस्ट' या तीन जणांच्या बँडचा दुसरा अल्बम, 'हार्ड अटॅक'.

आधी माणसं. गिटार आणि गाणं रिची वाइज, बेस केनी एरनसन, ड्रम्स मार्क बेल. एरनसन आणि बेल दोघंही १९५२ चे, म्हणजे अल्बम आला तेव्हा विशीला टेकलेली पोरं. चौथा माणूस केनी कर्नर. तो वाजवत नाही, पण शब्द त्याचे आणि वाइजच्या जोडीने निर्मितीही त्याची. प्रोकोल हॅरममध्ये कीथ रीड किंवा सुरुवातीच्या किंग क्रिमझनमध्ये पीट सिनफील्ड होता, तशीच कर्नरची इथली जागा.

पहिला अल्बम 'डस्ट' १९७१ चा. तो जड, खरखरीत, ब्लूजच्या मुळाशी घट्ट. त्यातलं 'फ्रॉम अ ड्राय कॅमल' जवळजवळ दहा मिनिटं रेंगाळतं आणि ज्यांना संथ, भारदस्त रॉक आवडतो त्यांच्यासाठी ते एक गाणंच पुरेसं आहे. मग पुढच्याच वर्षी 'हार्ड अटॅक' आला आणि तिथून मतभेद सुरू होतात. दुसरा अल्बम मऊ पडला, त्यात अकूस्टिक गाणी घुसली, व्हायोलिनं आली, मध्येच कंट्री आलं, अशी तक्रार मी कायम ऐकत आलोय.

माझं मत नेमकं उलटं आहे. 'हार्ड अटॅक' हा जास्त चांगला अल्बम आहे, आणि तो ज्या गाण्यांमुळे मऊ म्हटला जातो त्याच गाण्यांमुळे आहे. पहिल्याच गाण्याकडे बघा. 'पुल अवे / सो मेनी टाइम्स'. सुरुवात अकूस्टिक गिटारच्या झपाझप झंकारांनी होते. कान हलक्या गाण्यासाठी तयार होतो आणि तेवढ्यात वीज जोडल्यासारखा अख्खा बँड अंगावर येतो. तोच बँड पहिल्या सेकंदापासून ओरडत आला असता तर हा दणका बसलाच नसता. अल्बमभर त्यांनी हेच केलंय. 'वॉक इन द सॉफ्ट रेन' आणि 'दसली स्पोकन' ही दोन गाणी ऐकून झाल्यावर 'लर्निंग टू डाय' सुरू होतं, आणि ते तिथेच हवं. ती दोन वगळून सरळ चौथ्या गाण्यावर उडी मारणाऱ्यांना 'लर्निंग टू डाय' अर्धंच मिळतं असं मला मनापासून वाटतं.

तुमची मतं येऊ द्या. विशेषतः ज्यांनी दोन्ही अल्बम सलग ऐकलेत त्यांची.

रँडम_रिफ

धागा काढल्याबद्दल आभार, डस्टचं नाव इथे बघून फार बरं वाटलं. पण मी पहिल्या अल्बमच्या बाजूने.

'स्टोन वुमन', 'लव्ह मी हार्ड', 'ड्राय कॅमल' या गाण्यांत एक अंधार आहे. १९७१ मध्ये अमेरिकेत असं वाजवणारे बँड हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दुसऱ्या अल्बममध्ये तो अंधार तुकड्यातुकड्यांत येतो. 'लर्निंग टू डाय' जबरदस्त आहे, वाद नाही. 'सुइसाइड' जबरदस्त आहे. 'आयव्हरी' छोटं, बिनशब्दांचं, पण मस्त. बाकी? 'दसली स्पोकन'मध्ये पियानो आणि तंतुवाद्यं ऐकताना हा बँड दुसऱ्या कोणाच्या तरी कपड्यांत उभा आहे असं वाटतं. 'आय बीन थिंकिन' तर सरळ कंट्री. ब्रुकलिनच्या पोरांना स्टील गिटार घेऊन शेताच्या बांधावर बसायची काय गरज होती?

तुम्ही म्हणता ती चढउताराची गोष्ट मला पटते, पण चढउतार पहिल्या अल्बममध्येही आहे. 'गोइंग ईझी' आहेच की.

मंद्रसप्तक

@रँडम_रिफ, त्या स्टील गिटारवरच थांबतो, कारण ती वाजवणारा माणूस या अल्बममध्ये माझा सर्वांत आवडता आहे. केनी एरनसन. बेस तोच, स्टील आणि स्लाइडचं कामही त्याचंच. ते कंट्री वरून चिकटवलेलं नाही, त्याच्या हातात होतं. पुढे आयुष्यभर तो बेसच्या जोडीला ही वाद्यंही वाजवत राहिला.

मी ठाण्यात एका बँडमध्ये बेस वाजवतो, म्हणून थोडं बेसच्या बाजूने लिहितो. तिघांच्या बँडमध्ये गिटारवाला सोलोला निघाला की खाली खड्डा पडतो. दुसरी गिटार नाही, कीबोर्ड नाही. तो खड्डा कसा भरायचा हे बेसवाल्याला ठरवावं लागतं. बरेच जण मूळ स्वर धरून बसतात. एरनसन बसत नाही. तो वर चढतो, गिटारच्या चालीला समांतर दुसरी चाल रचतो आणि नेमक्या ठोक्याला खाली मूळ स्वरावर परत येतो. 'लर्निंग टू डाय' हेडफोनवर लावा आणि फक्त बेस ऐका. वाइज एकच रिफ (गिटारचा छोटा, ठरलेला तुकडा) पुन्हा पुन्हा वाजवत असतो तेव्हा खालचा बेस मात्र दर फेरीला काहीतरी बदलत असतो. त्यामुळे सहा मिनिटांचं गाणं कुठेही कंटाळवाणं होत नाही.

आणि 'सुइसाइड'मधला बेसचा एकल तुकडा. आवाज फाटलेला, घोगरा, पण एकेक स्वर स्वच्छ ऐकू येतो. फझ (आवाज फाडणारा इफेक्ट) लावला की बेसचा बहुधा चिखल होतो, इथे झालेला नाही. हे विशीतल्या मुलाचं काम आहे.

ढोलकीवाला

वा! @मंद्रसप्तक, तुम्ही बेसबद्दल लिहिलंत, मी ड्रम्सबद्दल लिहितो.

इथल्या अनेकांना कदाचित ठाऊक नसेल, हा मार्क बेल म्हणजेच पुढचा मार्की रामोन. १९७८ मध्ये तो रामोन्स या पंक बँडमध्ये गेला आणि 'रोड टू रुइन' हा त्याचा त्यांच्याबरोबरचा पहिला अल्बम. त्याआधी रिचर्ड हेलच्या व्हॉइडॉइड्सबरोबर १९७७ चा 'ब्लँक जनरेशन'.

रामोन्स ऐकलेल्या माणसाने डस्ट ऐकलं की पहिली प्रतिक्रिया अशीच असते, हा तोच माणूस? रामोन्समध्ये सरळ, धावता, न थांबणारा ठोका. एक अलंकार नाही. डस्टमध्ये हा पठ्ठ्या ओळीच्या शेवटाची वाटच बघत नाही. शब्द संपायच्या आतच टॉमवर उतरलेला असतो. सिंबल सतत उघडे. 'द हू'चा कीथ मून आणि जिमी हेंड्रिक्सचा मिच मिचेल, दोघंही ड्रमर त्याच्या हातात दिसतात.

मी तबला शिकलोय, त्या कानाने सांगतो. एखादा तयारीचा वादक मोठ्या तुकड्यात शिरतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं की हा आता समेवर येत नाही. पण तो येतोच. बेलच्या फिल (ठेक्याच्या मध्ये भरलेले तुकडे) ऐकताना मला नेमकं तेच होतं. 'पुल अवे'मध्ये बँड विजेवर गेल्यानंतर त्याच्या दोन-तीन फिल इतक्या लांब आहेत की छातीत धस्स होतं. आणि मग तो समेवर.

रामोन्समधला बेल मला कमी आवडतो असं नाही. इतकं येत असताना ते सगळं बाजूला ठेवून एकच ठोका अख्ख्या मैफलीभर तितक्याच जोराने वाजवायचा, हे फार कठीण काम आहे. त्याने दोन्ही करून दाखवलं.

नीलाक्षी

धागा वाचतेय आणि एकीकडे अल्बमही लावलाय. :)

मला 'वॉक इन द सॉफ्ट रेन'बद्दल कोणी फारसं बोललेलं नाही याचं वाईट वाटतं. या अल्बमवरचं ते सर्वांत सुरेल गाणं आहे. त्याची चाल अशी आहे की थोडं बरं नशीब असतं तर ते १९७२ च्या रेडिओवर सहज चाललं असतं. वाइजचा आवाज काही मोठा नाही. तो रॉबर्ट प्लँट नाही, इयन गिलन तर नाहीच. वरच्या पट्टीत तो ताणला जातो आणि ते ऐकू येतं. पण या गाण्यात तो आपल्या पट्टीत गातो आणि तेव्हा त्याच्या आवाजातला प्रामाणिकपणा थेट पोहोचतो.

म्हणूनच मला उत्तररात्र यांचं म्हणणं पटतं. हळव्या गाण्यांत वाइज गायक म्हणून सापडतो. जड गाण्यांत तो वाद्यांशी झगडत असतो.

जुनं_खोड

पोरांनो, फार छान चर्चा. थोडी पार्श्वभूमी देतो, म्हणजे हा अल्बम दुर्लक्षित का राहिला ते कळेल.

डस्ट कोणत्या कंपनीवर होते? कामसूत्र रेकॉर्ड्स. नाव आपल्याकडचं, कंपनी न्यूयॉर्कची. तिची संलग्न कंपनी बुद्धा रेकॉर्ड्स. कामसूत्रचं साठच्या दशकातलं मोठं नाव म्हणजे लव्हिंग स्पूनफुल. बुद्धाचा पोटापाण्याचा धंदा होता तो बबलगम पॉपचा, म्हणजे १९१० फ्रूटगम कंपनी, ओहायो एक्सप्रेस यांसारखी शाळकरी मुलांसाठीची गोड गाणी. तिथला कर्ताधर्ता नील बोगार्ट. सिंगल विकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

आता या घरात तीन पोरं असा अल्बम घेऊन येतात ज्यातलं मुख्य गाणं सहा मिनिटांच्या पुढे आहे आणि ज्याचं नाव 'लर्निंग टू डाय'. तो कोणाला विकायचा? त्या काळात असा अल्बम चालायचा तो गावोगावच्या कार्यक्रमांवर आणि एफएम स्टेशनांवर रात्री लांब गाणी लावणाऱ्या निवेदकांवर. ग्रँड फंक रेलरोड हेही तिघंच, समीक्षकांनी त्यांना झोडपून काढलं, पण ते अखंड फिरत राहिले आणि १९७१ मध्ये त्यांनी शे स्टेडियम भरवलं. डस्टच्या पाठीशी तशी यंत्रणा नव्हती. माझ्या मते अल्बम मऊ की जड याच्याशी त्याच्या नशिबाचा काहीही संबंध नाही. चुकीच्या दुकानात ठेवलेला चांगला माल होता तो.

आणि पुढचं ऐका. हाच नील बोगार्ट १९७३ मध्ये बुद्धा सोडून कासाब्लांका रेकॉर्ड्स काढतो आणि त्यावर पहिला मोठा बँड घेतो 'किस'. किसच्या पहिल्या दोन अल्बमचे, म्हणजे फेब्रुवारी १९७४ चा 'किस' आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरातला 'हॉटर दॅन हेल', यांचे निर्माते कोण? केनी कर्नर आणि रिची वाइज! डस्टमध्ये ज्या दोघांनी काम शिकून घेतलं, त्यांनीच किसला घडवायला सुरुवात केली.

रँडम_रिफ

@जुनं_खोड काका, कर्नर-वाइज आणि किस हे ठाऊक होतं, पण बोगार्टचा धागा असा जुळलेला लक्षात आला नव्हता. खूप आभार.

आता 'हॉटर दॅन हेल'चा आवाज आठवा. कोंदट, गढूळ. किसचे चाहते आजही त्यावर कुरकुरतात. 'हार्ड अटॅक' त्या मानाने किती मोकळा वाटतो! गिटार एका बाजूला, बेसला स्वतःची जागा, ड्रम्सचे सिंबल थोडे जास्त पुढे पण चालतं. निर्मितीच्या बाबतीत दुसरा अल्बम पहिल्यापेक्षा सरस आहे, इतकं मी नक्की मान्य करतो. गाण्यांच्या निवडीवर माझं मत कायम.

कुंचला

मी संगीतातली जाणकार नाही, मी इथे मुखपृष्ठामुळे आले.

'हार्ड अटॅक'वर फ्रँक फ्रझेटाचं चित्र आहे, 'स्नो जायंट्स'. बर्फात भिडलेले योद्धे. मूळ चित्र त्याने कोनानच्या पुस्तकमालेसाठी केलेलं. आम्ही चित्रकलेच्या विद्यार्थीदशेत फ्रझेटाची पुस्तकं जुन्या पुस्तकवाल्यांकडे शोधत फिरायचो. त्याची खासियत अशी की शरीराचं वजन दिसतं. पाय बर्फात रुतलेला आहे हे रंगावरूनच कळतं. पार्श्वभूमीवर तो फार काम करत नाही, धूसर सोडून देतो, आणि सगळी ताकद मधल्या आकृत्यांच्या पिळात ओततो. त्यामुळे बारा इंची कव्हरवर ते चित्र लांबूनही ओळखू येतं.

पुढे मॉली हॅचेटने १९७८ मध्ये त्याचं 'डेथ डीलर' वापरलं, त्याआधी १९७७ मध्ये नाझरेथने 'एक्स्पेक्ट नो मर्सी'साठी त्याचंच दुसरं एक चित्र. मग कुऱ्हाडी, कवट्या आणि पिळदार योद्धे ही हेवी मेटलची ठरलेली चित्रभाषाच झाली. डस्ट यांच्या कितीतरी आधी, १९७२ मध्ये तिथे पोचले होते. पहिल्या अल्बमवरचं ते मृतदेहांचं छायाचित्र मात्र मला बघवत नाही.

संगीतावर एकच गोष्ट म्हणते. या चित्राकडे बघून मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत गदारोळाची अपेक्षा केली होती. सुरुवातीलाच अकूस्टिक गिटार ऐकल्यावर मला तो बँड जास्त आवडला.

परदेशी_पाखरू

न्यू जर्सीतून लिहितोय.

२०१३ च्या रेकॉर्ड स्टोअर डेला (रेकॉर्डच्या दुकानांचा वार्षिक दिवस) लेगसी कंपनीने डस्टचे दोन्ही अल्बम नव्याने मास्टर करून काढले. रेकॉर्डही आणि दोन्ही अल्बम एकत्र असलेली सीडीही. आमच्या इथल्या दुकानासमोर पहाटेपासून रांग होती. माझ्यापुढे एक साठीचे गृहस्थ उभे होते, ते फक्त डस्टसाठी आलेले. त्यांनी तरुणपणी 'हार्ड अटॅक' घेतला होता आणि तो कुठल्यातरी घर बदलण्यात हरवला होता. मी रामोन्समुळे डस्टकडे आलो असं म्हटल्यावर त्यांनी मला तिथेच फुटपाथवर दोन्ही अल्बमबद्दल भरभरून सांगितलं. त्यांचंही मत उत्तररात्र यांच्यासारखंच होतं. त्यांच्या घरात 'हाउ मेनी हॉर्सेस' सर्वांत जास्त वाजायचं म्हणे, कारण ते ऐकून त्यांची आई दार आपटत नसे.

ज्यांना रेकॉर्ड घ्यायची आहे त्यांच्यासाठी : कामसूत्रच्या मूळ प्रतींना आता चांगलीच किंमत पडते. ऐकायचं असेल तर २०१३ ची आवृत्ती निर्धास्त घ्या. बेस जास्त स्पष्ट आहे, मंद्रसप्तक यांना आवडेल. दोन्ही अल्बम सध्या ऑनलाइनही सहज मिळतात.

नीलाक्षी

@परदेशी_पाखरू, 'हाउ मेनी हॉर्सेस'ला माझंही मत! स्लाइड गिटारचा तो संथ, लांबवर जाणारा स्वर. त्या एका गाण्यात पुढच्या काही वर्षांतल्या सदर्न रॉकची, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या रॉकची, चाहूल आहे.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे लिहायची आहे. 'सुइसाइड' हे गाणं मी ऐकत नाही. वादनाचं कौतुक वर सगळ्यांनी केलंय आणि ते खरं असणार. पण त्याचे शब्द त्या विषयाकडे काळ्या विनोदाने बघतात. माझ्या घरात आम्ही तो प्रसंग भोगलाय. त्या शब्दांवर मला हसता येत नाही, आणि शब्द बाजूला ठेवून नुसता बेसही ऐकता येत नाही. हे बँडला दोष देण्यासाठी लिहीत नाही. विशीतली मुलं मृत्यूबद्दल अशीच बोलतात, अंगावर न आल्यासारखी. पण नवीन कोणी हा अल्बम लावणार असेल तर आधी ठाऊक असलेलं बरं.

उत्तररात्र

@नीलाक्षी ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. वरच्या पोस्टमध्ये तशी सूचना घालतोय. आणि ते गाणं वगळलं तरी अल्बम उभा राहतो, त्याची अजिबात काळजी करू नका.

मंद्रसप्तक

ताई, तुमचं म्हणणं मनाला लागलं. एरनसनचं काम ऐकायला 'लर्निंग टू डाय' आणि 'ऑल इन ऑल' पुरेसे आहेत.

'ऑल इन ऑल'बद्दल अजून कोणी लिहिलं नाही म्हणून : यात 'द हू'चा प्रभाव सरळ दिसतो. गिटारचे मोठे उघडे कॉर्ड, त्याखाली पळता बेस आणि ड्रम्सवाला सगळ्यांच्या पुढे. 'द हू' हेही मुळात तीन वाद्यं आणि एक गायक. त्यामुळे डस्टला तो साचा अंगाला बरोबर बसतो. रँडम_रिफ, हे गाणं तुमच्या यादीत कसं नाही?

रँडम_रिफ

'ऑल इन ऑल' यादीत घ्या, राहून गेलं. म्हणजे दहापैकी चार झाली. :)

'एन्ट्रन्स'बद्दल कोणाचं काय मत? अल्बमच्या अगदी शेवटी, अर्ध्या मिनिटाहून लहान, आणि नाव मात्र प्रवेशाचं. मला ते नेहमी अपुरं वाटतं. पुढच्या अल्बमची सुरुवात असल्यासारखं.

उत्तररात्र

पुढचा अल्बम आलाच नाही, त्यामुळे ते तसं वाटणं साहजिक आहे. पण मला ते तिथे आवडतं. इतक्या आवाजानंतर थोडी शांत गिटार, आणि संपलं. अल्बम अकूस्टिक गिटारने सुरू होतो, त्यामुळे दोन्ही टोकं जुळतात. हाही माझ्या बाजूचाच पुरावा धरा. ज्यांना नुसतं जड वाजवायचं असतं ते अल्बमच्या कडा अशा बांधत नाहीत.

'दसली स्पोकन'वरच्या आक्षेपाबद्दलही लिहायचं होतं. तंतुवाद्यं आली म्हणजे कंपनीने लादली, असं समजायची आपल्याला सवय आहे. इथे निर्माते स्वतः कर्नर आणि वाइजच आहेत. बाहेरचा निर्माता नाही. म्हणजे तो पियानो आणि ती व्हायोलिनं त्यांना स्वतःलाच हवी होती. आणि वाइजचं पुढचं आयुष्य बघितलं की ते पटतं. तो गिटारवाला म्हणून पुढे गेला नाही, निर्माता म्हणून गेला. १९७३ मध्ये 'स्टोरीज' बँडचं 'ब्रदर लुई' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं, ते कर्नर-वाइज यांचंच. १९७४ च्या शेवटी लंडनमध्ये बॅडफिंगरचा 'हेड फर्स्ट' यांनीच ध्वनिमुद्रित केला, तो अल्बम २००० साली बाहेर आला. किस, स्टोरीज, बॅडफिंगर, तीन टोकांचे तीन बँड. 'हार्ड अटॅक'मध्ये हा माणूस काय काय करून बघतोय ते या अंगाने ऐका. 'दसली स्पोकन' हा त्याचा निर्माता म्हणून पहिला मोठा प्रयत्न आहे असं मी मानतो. मधल्या भागात वाद्यं एकेक करून वाढत जातात तिथे ड्रम्स मुद्दाम मागे ठेवलेत. बेलसारख्याला मागे ठेवणं, हा निर्मात्याचा निर्णय आहे.

जुनं_खोड

अगदी. आणि 'स्टोरीज'मध्ये पुढे बेसला कोण गेलं? आपला केनी एरनसनच. त्यानंतर रिक डेरिंजरबरोबर १९७६ मध्ये, तिथे ड्रम्सला विनी अपीसी, जो पुढे सबाथ आणि डिओत गेला. मग १९८४ मध्ये 'हगार, शॉन, एरनसन, श्रीव्ह' हा चौघांचा बँड. १९८८ च्या उन्हाळ्यात बॉब डिलनने जो अखंड दौरा सुरू केला त्याचा पहिला बेसवादक हाच. शिवाय जोन जेट, बिली आयडॉल. इतक्या निरनिराळ्या लोकांनी बोलावलं तो माणूस काय ताकदीचा असेल, ते विशीतल्या या एका अल्बमवर ऐकू येतं.

ब्रुकलिनच्याच आणखी एका त्रिकुटाची आठवण काढतो, सर लॉर्ड बाल्टिमोर. १९७० चा 'किंग्डम कम'. ड्रम्स वाजवणारा जॉन गार्नर गायचाही. १९७१ मध्ये क्रीम मासिकात माइक साँडर्सने त्याचं परीक्षण लिहिलं, त्यात 'हेवी मेटल' हा शब्दप्रयोग संगीताच्या एका प्रकाराचं नाव म्हणून आला. त्यांनी दुसऱ्या अल्बमला चौथा माणूस घेतला आणि गडबड झाली. डस्ट तिघंच राहिले, आणि रंग वाढवायचे ते आपल्याच हातांनी वाढवले. दुसऱ्या अल्बमची तुलना करायचीच तर ही करा, पहिल्या डस्टशी नको.

गोंयचो_बाबूश

मडगावहून. आमच्याकडे लग्न आणि फेस्तांच्या बँडमध्ये वाजवणारे लोक एकाच रात्री वॉल्ट्झ, कंट्री, रॉक सगळं वाजवतात. त्यामुळे एका अल्बमवर कंट्री, हार्ड रॉक आणि व्हायोलिनं एकत्र आली तर मला काहीच खटकत नाही. माझे काका अशाच बँडमध्ये गिटार वाजवायचे. त्यांना 'आय बीन थिंकिन' ऐकवलं, दुसऱ्यांदा लावल्यावर ते स्टीलचा भाग तोंडाने गुणगुणायला लागले. 'लर्निंग टू डाय' लावलं तेव्हा म्हणाले, पोरगो ड्रम्स बरो वाजयता, पण त्याका थांबोवचो कोणी?

ढोलकीवाला

@गोंयचो_बाबूश, काकांना नमस्कार सांगा. थांबवायला पाच-सहा वर्षांनी रामोन्स आले!

रँडम_रिफ

काल रात्री उत्तररात्र यांनी सांगितलं तसं, एकही गाणं न वगळता, पहिल्या गाण्यापासून चौथ्यापर्यंत सलग ऐकलं. 'दसली स्पोकन' मला अजूनही फार लांबलेलं वाटतं. पण ते विरून 'लर्निंग टू डाय'ची गिटार येते तेव्हा अंगावर काटा आला हे खरं. नुसतं ते गाणं लावल्यावर इतका कधी आला नव्हता.

आमच्या कॉलेजच्या बँडने 'लर्निंग टू डाय' बसवायला घेतलंय. आम्हीही तिघंच. गिटारचा भाग माझा बसलाय, बेस जवळपास झालाय, ड्रमरचं अडलंय. तो प्रत्येक फिल जशीच्या तशी उतरवायला बघतोय आणि त्या नादात लय पळते. ढोलकीवाला किंवा मंद्रसप्तक, काही सुचवाल का?

ढोलकीवाला

फिल उतरवू नका. आधी संपूर्ण गाणं नुसत्या हायहॅट, किक आणि स्नेअरवर, मेट्रोनोम लावून, एकही फिल न घेता वाजवायला सांगा. सहा मिनिटं लय जागची हलली नाही पाहिजे. मग फक्त रिफ बदलते त्या ठिकाणच्या फिल घाला. त्या मोजक्याच आहेत. बाकीच्या बेलच्या मर्जीच्या आहेत, तिथे तुमच्या ड्रमरने स्वतःच्या वाजवाव्यात. आणि बेसवाल्याला सांगा, फिल चालू असताना त्याने मूळ स्वर सोडायचा नाही.

मंद्रसप्तक

शेवटच्या वाक्याला दुजोरा. एरनसन वर चढतो ते बेल सरळ वाजवत असतो तेव्हा. बेल सुटला की हा खाली येऊन बसतो. दोघं एकाच वेळी सुटलेले या गाण्यात फार कमी वेळा सापडतील. बसवताना हे एवढं पाळलंत तरी निम्मं काम होईल. तालीम ध्वनिमुद्रित करून इथे टाका, ऐकून सांगतो.